इंदूअक्कांची कोलंबी

इंदूअक्का कुणाच्या घरी समाचाराला गेल्या की आधी चपला काढतात आणि मग मृत्यूचं कारण विचारतात.

"हार्ट अटॅक आला हो," एवढ्यानं त्यांचं भागत नाही. अटॅक कशानं आला? शुगर होती का? गोळ्या गिळत होते की उशीखाली ठेवत होते? बाथरूमची कडी आतून होती का? एकदा बनशंकरीला एका चुलत्यांच्या तेराव्याला त्यांनी भर पंगतीत काकूंकडे हॉस्पिटलचे कागद मागितले. काकूंच्या हातात कोसंबरीचं पातेलं होतं. ते घेऊन त्या पुढच्या पानाकडे वळल्या आणि अक्कांच्या ओळीत परत आल्याच नाहीत. तेव्हापासून नातेवाईकांनी अक्कांना असल्या बातम्या कळवणंच बंद केलं. त्यामुळे अक्कांच्या समजुतीप्रमाणे त्यांचे दोन-चार आतेभाऊ अजून ठणठणीत आहेत.

दोष त्यांचा नाही. बाईंचा सगळा जन्म एका विमा कंपनीच्या दावे विभागात गेला. कुणी मेलं की घरच्यांचा अर्ज यायचा आणि अर्ज आला की अक्का निघायच्या. माणूस खरंच मेलाय का, सांगतात तसाच मेलाय का, आणि जिवंत असताना त्यानं कंपनीपासून काय काय लपवलं होतं, हे शोधून काढायच्या. "सुम्ने कुणी मरत नाही," हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान. सुम्ने म्हणजे कानडीत उगाच, सहज. बसवनगुडीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत असे शब्द उपम्यातल्या कढीपत्त्यासारखे मिसळून गेलेले असतात. कुणी वेचून बाजूला काढत नाही.

लग्न त्यांनी केलं नाही. एक स्थळ आलं होतं म्हणे. चहा घेता घेता अक्कांनी मुलाला "तुमचे आजोबा कशानं गेले?" असं विचारलं. मुलगा "आईला विचारून सांगतो" म्हणाला. अजून सांगितलेलं नाही.

मी मूळची मालवणची. नोकरी सर्जापूर रोडच्या एका काचेच्या इमारतीत, पण राहायला मी बसवनगुडीत आले, कारण तिथे झाडं होती आणि सर्जापूर रोडला नुसत्या झाडांच्या नावाच्या सोसायट्या होत्या. पहिल्याच दिवशी अक्कांनी मला जिन्यात अडवलं.

"गाव?"

"मालवण."

"आई-वडील?"

"आहेत."

"दोघंही?"

"हो."

त्यांचा चेहरा जरा पडला. माझं नाव मात्र त्यांनी तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही नाही. मी त्यांच्यासाठी मालवणच राहिले. "ए मालवण, ये की इकडे!" अशी हाक तळमजल्यावरून आली की मी लॅपटॉप मिटून खाली जाते. न जाऊन चालत नाही. त्या वर येतात.

तर ही बाई कोलंबी पाळायला लागली, त्याची ही हकीकत.

सुरुवात दाढेपासून झाली. अक्का दाढ काढायला गेल्या होत्या. डॉक्टरांच्या दवाखान्यात एक काचेची टाकी होती. आत हिरवीगार पाणवनस्पती आणि नखाएवढ्या लालभडक कोलंब्या. एक कोलंबी तळाशी मरून पडलेली अक्कांना दिसली. त्या ताडकन उठल्या आणि रिसेप्शनवरच्या मुलीला म्हणाल्या, "इथे मृत्यू झालाय."

मुलगी म्हणाली, "नो आंटी, तिनं फक्त कात टाकलीय. ती बघा, मागे गवतात बसलीय."

अक्का वाकून बघत राहिल्या. मिशा, पाय, शेपटी, डोळ्यांच्या जागा, सगळं जसंच्या तसं तळाशी पडलेलं, आणि मालकीण हातभर अंतरावर पालक खात बसलेली. आयुष्यभरात त्यांनी खोटे दाखले बघितले होते, खोटे डॉक्टर बघितले होते, एकदा तर जिवंत माणूस स्वतःच्याच दाव्याची चौकशी करायला ऑफिसात आलेला बघितला होता. पण अख्खा देह मागे ठेवून स्वतः चालतं व्हायचं, असला बनाव त्यांच्या नोकरीत कधी समोर आला नव्हता. डॉक्टरांनी तीनदा नाव पुकारलं. अक्का तशाच घरी आल्या. दाढ अजून आहे.

"मालवण," त्या मला म्हणाल्या, "तुला कोलंबीची माहिती असेल की."

"आहे अक्का. पण ती हळद-मीठ लावल्यानंतरची."

तरीही त्यांनी मला दुकानात नेलं. दुकान इथल्याच शिवाजीनगरच्या एका गल्लीत होतं, आत सगळीकडे टाक्या आणि त्यांचा निळसर उजेड. अक्कांनी दोन फुटी टाकी घेतली, काळी दाणेदार माती घेतली, एक वेडंवाकडं लाकूड घेतलं, त्यावर बांधायला शेवाळ घेतलं, हवेचा पंप घेतला. इथवर ठीक होतं. मग दुकानदार कोलंबी पकडायला जाळी घेऊन आला.

"थांबा," अक्का म्हणाल्या. "यांचं वय काय?"

"मॅडम, झींगा है."

"ते दिसतंय. आधीचा काही आजार? आई-बाप आहेत का? नसतील तर कशानं गेले?"

दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. मी पाण्यातल्या गोगलगाईंकडे बघितलं. शेवटी तो हात जोडून म्हणाला, की मॅडम, आज कोलंबी मिळणारच नाही. आधी माती, पाणी, झाडं लावून टाकी तशीच रिकामी चालू ठेवायची. पाण्यात चांगले जंतू तयार व्हायला महिना-दीड महिना जातो, त्याआधी प्राणी सोडले तर मरतात. मला वाटतं हे खरं असलं तरी त्या क्षणी त्यानं ते जीव वाचवण्यासाठी सांगितलं. स्वतःचा.

अक्का मात्र खूश झाल्या. पॉलिसी देण्याआधी थांबायचं, तपासायचं, हे त्यांना पटण्यासारखंच होतं.

टाकी हॉलमध्ये बसली आणि इमारतीत बातमी पसरली. आमची इमारत तीन मजल्यांची, पण सोवळ्याच्या बाबतीत तिची उंची फार. वरच्या मजल्यावर पद्माबाई राहतात. कांदा त्यांच्या घरात नाही, लसणाचं नाव त्या घेत नाहीत, "ते पांढरं" असं म्हणतात. मुलगा श्रीधर आणि सून सकाळी सर्जापूर रोडकडे निघतात ते दिवे लागल्यावर परततात. मधला सगळा दिवस पद्माबाई देव, तुळस आणि इमारतीचं पावित्र्य सांभाळतात. मी नवीन असताना माझ्या डब्याचा वास त्यांनी दोनदा जिन्यात थांबून घेतला होता. तेव्हापासून मी मासे ऑफिसातच खाते.

पद्माबाईंनी गच्चीवर सगळ्यांना बोलावलं.

"इंदूबाई, आपल्या इमारतीत कोलंबी येणार असं ऐकते."

"येणार."

"शिव शिव! तुम्ही खायला लागलात?"

"खाणार नाही. पाळणार."

"पाळून मग?"

"मग काय, बघणार."

"आणि मेल्यावर?"

"मेल्यावर कारण शोधणार," अक्का म्हणाल्या. आणि सगळे जमलेलेच आहेत म्हणून त्यांनी लगे हात जाहीर केलं की यापुढे जिन्यात डासांची उदबत्ती लावायची नाही, फवारा मारायचा नाही, कोलंबीला असल्या औषधाचा वाससुद्धा सोसत नाही.

"आणि डासांनी आम्हाला फोडून खाल्लं तर?" पद्माबाई किंचाळल्या.

"तुमचा विमा आहे की."

सभा तिथेच मोडली. पद्माबाईंनी अक्कांशी बोलणं टाकलं. दाराशी येता-जाता त्या नाकाला पदर लावायच्या. टाकीत तेव्हा पाण्याशिवाय काहीही नव्हतं.

तो रिकाम्या टाकीचा महिना माझ्या लक्षात राहील. अक्का रोज सकाळी पाणी तपासायच्या. काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, बाटलीतले थेंब टाकायचे, हलवायचं, आणि रंग कुठला येतो ते कार्डाशी लावून बघायचं. पिवळा आला तर बरं, हिरवा आला तर अजून अमोनिया आहे. अक्कांना पिवळा आणि हिरवट पिवळा यांतला फरक कळायचा नाही, म्हणून त्या वर यायच्या. एकदा मी व्हिडिओवर मिटिंगमध्ये होते. मागून अक्का आल्या, पिवळ्या पाण्याची नळी कॅमेऱ्यासमोर नाचवली आणि म्हणाल्या, "कालच्यापेक्षा बरा आहे ना?" मिटिंग संपल्यावर माझ्या मॅनेजरनं मला वेगळा फोन करून विचारलं, की हेल्थ ठीक आहे ना, लीव्ह हवी असेल तर घे.

मालवणहून आईचा फोन यायचा. मी तिला सगळं सांगायचे.

"केवढी असत गो ती कोलंबी?"

"नखाएवढी."

"मगे त्येंचा ती करतली काय?"

"बघणार आहे."

आईनं "बघतली?" असं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "बामणाक बघूक चांगली असतली हां."

शेवटी पाणी पिवळं राहिलं आणि कोलंबी आली. दुकानदारानं पिशवी अक्कांच्या हातात ठेवली आणि आत निघून गेला. पिशवीतल्या पाण्यातून टाकीतल्या पाण्यात त्यांना एकदम टाकायचं नसतं. बारीक नळीला गाठ मारून टाकीतलं पाणी थेंब थेंब पिशवीत सोडायचं, म्हणजे सवय होते. अक्का दुपारभर त्या थेंबांसमोर बसून होत्या. जेवल्या नाहीत. मग एकेक लाल ठिपका पाण्यात उतरला, लाकडावर बसला आणि लगेच पुढच्या दोन हातांनी शेवाळ उपटून तोंडात घालायला लागला. एक हात, दुसरा हात, एक हात, दुसरा हात, जराही उसंत नाही.

खरं सांगते, बघत राहावं असंच होतं ते. माझ्या आयुष्यात कोलंबी आणि मी यांच्यामध्ये पहिल्यांदाच काच आली होती, आणि कोलंबी इतकी कामात असते हे मला ठाऊकच नव्हतं.

पद्माबाईंचा बहिष्कार कोलमडला तो एका मृत्यूमुळे. म्हणजे तसं त्यांना वाटलं. अक्कांचं दार वाऱ्यानं उघडं होतं, पद्माबाई नाकाला पदर लावून चालल्या होत्या, आणि टाकीच्या अगदी पुढच्या बाजूला पांढुरकी कोलंबी निपचित पडलेली त्यांना दिसली. बोलणं टाकलं असलं तरी समाचार हा समाचार. त्या उंबऱ्याशी थांबल्या.

"इंदूबाई, एक गेली वाटतं तुमची."

"गेली नाही. कात टाकली. ती काय, लाकडामागे आहे."

पद्माबाई एक पाऊल आत आल्या. "मागे कशाला बसलीय?"

"नवी साल मऊ असते. घट्ट होईपर्यंत लपून राहते, कुणाला शिवू देत नाही."

पद्माबाईंच्या नाकावरचा पदर खाली आला. "म्हणजे जुनं नेसूचं टाकून नवं नेसते, आणि तोवर कुणाला शिवत नाही?"

"हो."

"सोवळ्यात असते म्हणा की!"

"तसं म्हणा," अक्का म्हणाल्या. त्यांनी सोवळं कधी पाळलं नव्हतं, पण वाद घालायला त्यांना पुरावा लागतो आणि इथे पुरावा पद्माबाईंच्या बाजूचा होता.

"आणि खातात काय?"

"पालक. काकडी. रस्त्यावरच्या बदामाचं वाळलेलं पान."

"कांदा?"

"नाही."

"ते पांढरं?"

"नाही."

पद्माबाई खुर्ची ओढून बसल्या. त्या दिवशी त्या काळोख पडेपर्यंत बसल्या. दुसऱ्या दिवशी दुपारची झोप टाकून चारला आल्या. तिसऱ्या दिवशी पालक निवडून, उकडून, वाटीत झाकून आणला. मग ते रोजचंच झालं. चार वाजले की वरच्या जिन्यावर पद्माबाईंच्या पायातली जोडवी वाजायची, अक्का फिल्टरची कॉफी खाली उतरवायच्या, आणि दोघी टाकीपुढे बसायच्या. एक मृत्यूंची जाणकार, दुसरी विटाळाची. बोलायला विषयांची कमतरता नव्हती.

"ही जाडी स्वल्प भांडखोर आहे, नाही?"

"भांडखोर नाही. शेपटीखाली बघ. अंडी आहेत."

"अगंबाई! मग तिला डोहाळे असतील की. काकडी दे जास्त."

'इंदूबाई' आणि 'तुम्ही' कधी गळून पडलं ते दोघींनाही कळलं नसावं. मी ऑफिसातून लवकर आले तर मलाही कॉफी मिळायची, पण खुर्ची नाही. मी जमिनीवर. टाकीच्या फार जवळ बसलेलं पद्माबाईंना आवडायचं नाही. "ती बघते कशी," त्या अक्कांना म्हणायच्या, "डोळ्यांत भूक आहे तिच्या."

मग पिल्लं झाली. मोहरीच्या दाण्याएवढी, पण मिशांसकट. पद्माबाईंनी गोड शिरा केला आणि सगळ्या इमारतीत वाटला. जिन्यातली डासांची उदबत्ती आता त्याच विझवायच्या.

त्यानंतर अक्कांना हुबळीला जावं लागलं. भाचीचं लग्न होतं. लग्नाला त्यांना अजून बोलावतात. आठवडाभर टाकी कुणाकडे सोपवायची हा प्रश्न. मी हात वर केला.

"भूक लागली तर?" अक्का म्हणाल्या, आणि किल्ली पद्माबाईंना दिली.

पद्माबाईंनी किल्ली दोन्ही हातांनी घेतली आणि डोळ्याला लावली. अक्कांनी त्यांना चार वेळा सगळं सांगितलं. पालक किती, दिवा कधी, पंप बंद पडला तर काय. सगळं सांगितलं. काय करायचं नाही, ते मात्र सांगितलं नाही. ते सुचायलाही पद्माबाईंसारखंच डोकं हवं.

अक्का परतल्या त्या दिवशी मी घरीच होते. हाक आली नाही. नुसता माझ्या नावाचा आवाज आला, खरं नाव, जिन्यातल्या पत्रपेटीवरचं, आणि मी घाबरून खाली धावले.

टाकीत काही हलत नव्हतं. लाल ठिपके तळाशी आडवे पडलेले, काही पांढरट झालेले. शेवाळाच्या पार आत बघितलं तर तीन-चार जिवंत होत्या, पण नुसत्या धरून बसलेल्या. पिल्लं कुठेच नव्हती.

अक्का रडल्या वगैरे नाहीत. प्रवासाची साडी तशीच, पदर खोचला आणि चौकशी सुरू केली.

"मालवण. खरं सांग. किती खाल्लीस?"

"अक्का!"

"सरी, ठीक आहे. विचारावं लागतं."

अमोनिया तपासला, पिवळा. पंप चालू. पालक बेताचा. फवारा कुणी मारला नव्हता. अक्का एकेक शक्यता खोडत होत्या, आणि मी पहिल्यांदाच त्यांना कामावर बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, राग नव्हता. नुसती एक थंड, टोकदार नजर. या नजरेसमोर किती विधवांनी पाण्याचा ग्लास पुढे केला असेल असं माझ्या मनात आलं. मग त्यांनी लांब चिमटा घेतला आणि शेवाळ पिंजून बघायला लागल्या. लाकडाच्या बेचक्यात चिमटा कशाला तरी लागला. त्यांनी ते बाहेर काढलं.

मध्ये भोक असलेलं जुनं तांब्याचं नाणं होतं.

कोलंबीला तांबं विषासारखं असतं. हे त्या दुकानदारानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि अक्कांनी घरातला तांब्याचा तांब्यासुद्धा माळ्यावर टाकला होता. आणि असलं भोकाचं नाणं आमच्या इमारतीत एकाच देवघरात होतं. संक्रांतीला तिळगूळ घ्यायला वर गेले होते तेव्हा मी ते बघितलं होतं. अक्कांनीही बघितलं असणार.

तेवढ्यात जिन्यावर जोडवी वाजली. अक्कांनी मूठ मिटली.

पद्माबाई दारातच थांबल्या. डोळे सुजलेले. हातात तांब्याचं पंचपात्र आणि पळी.

"आलीस इंदू," त्या म्हणाल्या. "मला परवापासून दिसत होतं ग. सुस्त झाली होती सगळी. तू गेल्यापासून मी रोज तीर्थ घालत होते, पंचपात्रच ओतत होते थोडं थोडं. तरी उतार पडेना, म्हणून काल देवातलं नाणं सोडलं पाण्यात. माझ्या सासूबाईंचं होतं. म्हटलं, गंगेत सोडतात, तसं. तरी गेलीच."

अक्का दाराकडे वळल्या. ती टोकदार नजर पद्माबाईंवर होती. मी मनात म्हटलं, आता संपलं. ही बाई आता कारण सांगणार. हिला दुसरं काही येतच नाही.

पद्माबाई खुर्चीवर बसल्या नाहीत, खाली जमिनीवरच बसल्या. "माझ्या हाताला यशच नाही बघ," त्या म्हणाल्या. "आमचा श्रीधर व्हायच्या आधीची दोन्ही अशीच गेली. एक तर पाळण्यात. काही झालं नव्हतं, ताप नाही, काही नाही. तेव्हाही सगळे म्हणाले, हिनं काहीतरी केलं असेल. काय केलं ते कुणी सांगितलं नाही. मी अजून विचार करते. काय केलं असेल मी?"

एवढी वर्षं वरखाली राहून हे अक्कांना ठाऊक नव्हतं. मलाही कुठून असणार?

अक्कांनी मूठ पदराआड नेली.

"तू काही केलं नाहीस," त्या म्हणाल्या. "मी केलं. जाण्याआधी घाईत पाणी बदललं. नळाचं पाणी, त्यातलं औषध उडायच्या आत तसंच ओतलं. सगळा दोष माझा. तपासलंय मी, ही मालवण साक्षीला आहे."

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

"तू?" पद्माबाई म्हणाल्या. "तू चूक करत नाहीस कधी."

"केली एकदा. आणि ही तीन-चार अजून आहेत ना, ती तुझ्या पालकावर जगलीत. माझ्या भरवशावर असती तर तीही गेली असती."

पद्माबाईंनी डोळे पुसले, टाकीला नाक लावलं आणि शेवाळातली एक मोजली, दुसरी मोजली. मग विचारलं, "आणि नाणं? ते आहे ना पाण्यात? त्याच्यामुळे राहिली असतील ही."

"नाणं काढलं मी. देवातलं आहे, पाण्यात काळं पडेल. देवघरात ठेवलं."

"तुझ्याकडे कुठलं देवघर?"

अक्कांकडे देवघर नव्हतं. देवळाच्या दारातून जातानाही त्या हात जोडायच्या नाहीत. देव आहे की नाही ते सिद्ध झालेलं नाही, म्हणायच्या.

"केलंय आता," त्या म्हणाल्या.

त्यामुळे त्या संध्याकाळी आम्हाला गांधी बाजारात जाऊन देवघर आणावं लागलं. छोटंसं, लाकडी, भिंतीवर टांगायचं. अक्कांना देव कुठला घ्यावा ते कळेना, म्हणून दुकानदारालाच विचारलं, सगळ्यात कमी तक्रारी कुणाबद्दल आहेत. त्यानं गणपती दिला. ते देवघर पाणी तपासायच्या बाटल्यांच्या फळीवर बसलं. गणपतीच्या पुढे भोकाचं नाणं, डावीकडे अमोनिया, उजवीकडे नायट्रेट.

टाकीतलं पाणी अक्कांनी हळूहळू बदलून काढलं. काही आठवड्यांनी नवी कोलंबी आली. दुकानदारानं या वेळी आपणहूनच सांगितलं की यांचे आई-बाप हयात आहेत.

चारला पद्माबाई खाली आल्या, नव्या मंडळींना बघून हरखल्या आणि पदराखालून पंचपात्र काढलं. मी अक्कांकडे बघितलं. पळी टाकीच्या काठापर्यंत पोचली होती.

"आधी मला," अक्का म्हणाल्या, आणि उजव्या हाताचा पंजा पुढे केला.

"तुला? तू कधी तीर्थ घेतलंस?"

"घराची मालकीण मी, का ती? आधी मला."

पद्माबाईंनी पळीभर तीर्थ दिलं. अक्का प्याल्या. ओला हात डोक्यावरून फिरवला, चुकीच्या बाजूनं.

"अजून."

"इंदू, तीर्थ आहे ते. ताक नव्हे."

"चांगलं लागतंय. अजून."

पंचपात्र रिकामं झाल्यावरच अक्कांनी हात मागे घेतला. पद्माबाईंना इतका आनंद झाला होता की कोलंबीला काही उरलं नाही हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. बाई एवढ्या वर्षांनी वळणावर आली, असं त्या मला कॉफी पिता पिता दोनदा म्हणाल्या. तेव्हापासून हे रोज चाललंय. टाकीत आता पुन्हा पिल्लं आहेत.

परवा मी खाली गेले तेव्हा अक्का एकट्याच होत्या. मी विचारलंच.

"अक्का, एवढं तांबं रोज पोटात गेलेलं माणसाला चालतं का हो?"

अक्कांनी विचार केला. शक्यता तपासल्या.

"स्वल्प चालतं," त्या म्हणाल्या, आणि कॉफीचं भांडं घ्यायला आत वळल्या. मी निघाले तशी आतून हाक आली.

"मालवण, जाताना दार लोटू नकोस. पद्मी यायची वेळ झाली."